कमरेला पिस्तूल, पायाखाली पेडल: सायकलस्वारानं शस्त्र बाळगावं का?

कमरेला पिस्तूल लावून सायकल चालवणाऱ्या अमेरिकनांचे व्हिडिओ आता आपल्याकडच्या मोबाइलवरही फिरू लागलेत. तिकडं हा वाद गंभीरपणे चालतो. शहरातून सायकलनं जाणाऱ्यानं स्वतःच्या बचावासाठी बंदूक जवळ ठेवावी का, ठेवली तर कुठं, लागली तर काढायची कशी. साताऱ्यात सकाळी यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या मंडळींच्या गटात असा व्हिडिओ पडला की खाली उतरल्यावर चहाच्या टपरीवर दोन प्रश्न हमखास निघतात. "आपल्याकडं मिळतंय का लायसन?" आणि "मिळालं तर घ्यावं का?"

पहिल्याचं उत्तर बहुतेकांसाठी 'नाही' असं आहे. दुसऱ्याचंही 'नाही'च आहे, पण त्याचा कायद्याशी फारसा संबंध नाही. उद्या सरकारनं परवाने वाटले तरी ते उत्तर बदलणार नाही.

प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही, हेही सांगतो. सायकलस्वाराला काच नाही, दरवाजा नाही, सुसाट निघून जाण्याइतका वेग नाही. कोडोलीच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून परतणारा कामगार किंवा अंधारात एकटी निघालेली बाई, यांच्या पोटात येणारा गोळा खराच असतो. त्यावरचा उपाय पिस्तूल आहे का, एवढंच बघायचंय.

सव्वाशे वर्षांपूर्वीचं 'सायकलवाल्यांचं रिव्हॉल्व्हर'

ही कल्पना अमेरिकेची नाही, आजचीही नाही. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये गालाँ नावाच्या बंदूक बनवणाऱ्यानं 'वेलो-डॉग' नावाचं छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. गिऱ्हाईक ठरलेलं होतं: सायकलस्वार. शत्रूही ठरलेला होता: मागं लागणारं कुत्रं. खिशात मावेल एवढं शस्त्र, कपड्यात अडकू नये म्हणून बऱ्याच नमुन्यांत घोडा आत झाकलेला आणि चाप दुमडणारा. पुढं बेल्जियम, स्पेन, जर्मनीतल्या कारखान्यांनीही त्याच्या नकला काढल्या. कुत्रं मरू नये असं वाटणाऱ्यांसाठी मिरपूड भरलेली किंवा मेणाची, बुचाची गोळी असलेली काडतुसंही मिळत.

एवढी धास्ती का होती, हे त्या काळात डोकावलं की कळतं. रेबीजवर पाश्चरची लस १८८५ साली आली. त्याआधी पिसाळलेलं कुत्रं चावलं तर इलाजच नव्हता; रोग उठला की माणूस गेलाच. लस नवी होती, गावोगाव पोचलेली नव्हती. अशा वेळी लोक खिशात रिव्हॉल्व्हर ठेवू लागले तर नवल नाही. पण त्या भीतीतून माणसं सुटली ती लसीमुळं. ते रिव्हॉल्व्हर आता संग्राहकांच्या कपाटात दिसतं.

दोन गोष्टींची गल्लत

टपरीवरच्या चर्चेत दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात येतात आणि घोळ होतो.

पहिली गोष्ट म्हणजे खाजगी बचावाचा हक्क. पोलीस पोचायच्या आत कुणी तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर वा मालमत्तेवर उठला, तर त्याला रोखायला लागेल तेवढं बळ वापरण्याची कायद्यानं दिलेली मुभा. ती प्रत्येकाला आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये ती सांगितली आहे. १ जुलै २०२४ पासून ही संहिता लागू झाली. आधी हेच भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होतं. हातात काठी असो, सायकलचा पंप असो की काहीच नसो, हक्क तेवढाच.

दुसरी गोष्ट म्हणजे शस्त्राचा परवाना. हा हक्क नव्हे, सरकारनं दिलेली परवानगी. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ पासून शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे आणि २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं घराबाहेर पिस्तूल जवळ बाळगणंही त्यात येतं असा निकाल दिला. आपल्या घटनेत तसं काही नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा हाच फरक बोलून दाखवला होता.

तेव्हा "मला बचावाचा हक्क आहे, मग पिस्तूल का नको?" या वाक्याचे दोन तुकडे एकमेकांना जोडलेले नाहीत.

परवाना कोण देतं आणि कुणाला मिळतो

पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्त परवाना देतात. सातारा किंवा सांगलीत आयुक्तालय नाही, त्यामुळं अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं, जिल्हादंडाधिकारी या नात्यानं. ते पोलिसांकडून अहवाल मागवतात. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं, शरीर-मनाच्या प्रकृतीचा दाखला हवा, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण हवं, घरात ते कुलपात ठेवायची सोय हवी. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात (आधी तीन होती) आणि परवाना पाच वर्षांचा झाला.

वयाच्या अटीपाशी जरा थांबा. साताऱ्यातल्या रस्त्यांवर रोज सायकल कोण चालवतं? शाळा-क्लासला जाणारी पोरं-पोरी. त्यांना हा कायदा दारातही उभं करत नाही. महागड्या गिअरच्या सायकली घेऊन रविवारी कासला जाणारे आपण काहीजणच उरतो, ज्यांना ही चर्चा परवडते.

उरलेल्यांपुढं खरी अडचण कारणाची. बचावासाठी हातात मावणारं शस्त्र हवं असेल तर जिवाला गंभीर आणि संभाव्य धोका आहे, हे दाखवावं लागतं. कुणाच्या तक्रारीवरून धमक्यांचा गुन्हा नोंद आहे, कुणी मोठी रोकड नेतो-आणतो, कुणी खटल्यातला साक्षीदार आहे, अशी कारणं पोलीस तपासतात. 'मी सकाळी सहा वाजता सायकल चालवतो' हे त्या रकान्यात बसत नाही.

समजा मिळाला परवाना. पुढं काय? रायफल-पिस्तुलाच्या नळीच्या काही मापांना कायद्यात 'प्रतिबंधित' म्हणतात, म्हणजे ती सैन्य-पोलिसांसाठी राखीव. ९ मिलिमीटरचं पिस्तूल त्यातलंच. सामान्य माणसाला साधारण .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, नाहीतर बारा बोअरची बंदूक मिळते. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचं अर्ध्या किलोचं .३२ रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून आणलं, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. परवाना त्यालाही लागतोच.

ते रस्त्यानं नेतानाही नियम आहेत. शस्त्र पूर्ण झाकलेलं हवं आणि सतत तुमच्या ताब्यात हवं. टपरीवर पाठपिशवी टेकवून सायकलची चेन बसवायला गेलात, की नियम मोडला. निवडणूक लागली की परवान्यांची छाननी होते आणि अनेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. शिवाय सण, यात्रा, आंदोलनं यांच्या आगेमागे 'जिल्ह्यात मनाई आदेश लागू' अशी बातमी येते ना, तो आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघतो. त्यात शस्त्रं, सोटे, लाठ्या घेऊन फिरायला बंदी असते. आपल्याकडचं सणांचं वेळापत्रक बघता वर्षातले किती दिवस पिस्तूल कपाटातच राहील, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

हक्क किती वेळ टिकतो

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात चुकीचा समजला जाणारा भाग हा. बचावाचा हक्क धोका आहे तोवरच असतो आणि धोक्याच्या मापाचाच असतो. शेजारच्या घराला आग लागली तर दार फोडून आत शिरलात तरी कुणी जाब विचारणार नाही. आग विझल्यावर त्याच दारातून आत गेलात तर ती घुसखोरी. दार तेच, माणूस तोच, वेळ मात्र बदललेली.

आता हे रस्त्यावर लावून बघू.

वाढे फाट्याजवळच्या सेवा रस्त्यावर दोघांनी तुम्हाला पाडलं, एकानं कोयता काढला आणि मोबाइल मागितला. ही जबरी चोरी आहे आणि गंभीर दुखापतीची रास्त भीती आहे. इथं कायदा तुमच्या बाजूनं अगदी शेवटपर्यंत उभा राहतो: दुसरा मार्ग नसेल तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. न्यायालयांनीही म्हटलं आहे की जिवावर बेतलेल्या माणसानं सोन्याच्या काट्यावर तोलून मापून वार करावा अशी अपेक्षा धरता येत नाही. खून, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण, अॅसिडहल्ला अशा मोजक्या प्रसंगांत हा टोकाचा हक्क आहे.

दुसरा प्रसंग. पोवई नाक्याकडून येताना मागून मोटारसायकल आली, मागच्यानं तुमच्या खिशातला मोबाइल हिसकला आणि ते सुटले. त्यांना अडवायला, पाडायला, मोबाइल परत घ्यायला तुम्हाला मुभा आहे. पण पाठ फिरवून पळणाऱ्यावर गोळी झाडून तो मेला, तर मोबाइलसाठी माणूस मारला असाच त्याचा अर्थ निघेल. आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही असाल.

तिसरा प्रसंग खरं तर रोजचा. मोटारवाला घासून गेला, तुम्ही ओरडलात, तो गाडी थांबवून खाली उतरला आणि आईबहिणीवरून सुरू झाला. शिव्यांवर बचावाचा हक्क उभा राहत नाही. इथं तुम्ही पिस्तुलाला नुसता हात लावलात तरी जिवे मारण्याची धमकी दिल्याचा गुन्हा तुमच्यावर येऊ शकतो, आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भांडण त्यानं काढलं होतं, हे मग कुणी फारसं ऐकत नाही.

गोळी सुटलीच, तर पहिल्या प्रसंगातही पोलीस तुमची पाठ थोपटून घरी पाठवणार नाहीत. शस्त्र जप्त, पंचनामा, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, जबाब, कोर्ट. आपण बचावात होतो हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते. संशयापलीकडं सिद्ध करावं लागत नाही, आपलं म्हणणं जास्त संभवनीय आहे एवढं दाखवलं तरी चालतं. पण दाखवावं लागतं, आणि त्यात वर्षं जातात. गर्दीत नेम चुकला तर आणखी एक कलम आहे: निष्काळजीपणानं गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोती चौकात संध्याकाळी कधी उभं राहून बघा, गोळीला रिकामी दिशा कुठं सापडते ते.

दीड सेकंदाचं गणित

इथवर कायदा झाला. आता कायदा पूर्ण बाजूला ठेवू. परवाना आहे, शस्त्र भरलेलं आहे, हल्ला खरा आहे. तरी ते उपयोगी पडेल का?

१९८३ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी एक साधा हिशेब मांडला. सुरा घेऊन धावत येणारा धडधाकट माणूस २१ फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर, अंतर दीड सेकंदात कापतो. प्रशिक्षित पोलिसाला म्यानातून पिस्तूल काढून नेम धरून झाडायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे हल्लेखोर त्याच्या आत असेल तर बंदूकवाला हरण्याचीच शक्यता जास्त.

लक्षात घ्या, तो पोलीस दोन पायांवर उभा आहे, हात मोकळे आहेत आणि हल्लेखोर समोरून येतोय. तुम्ही सायकलवर आहात. हात हँडलवर, बोटं ब्रेकवर, अंग पुढं वाकलेलं, नजर खड्ड्यांवर. आधी थांबायचं, पाय टेकायचा, मग शर्टाखाली हात घालायचा. आणि तुमच्यावरचा हल्ला मागून येतोय. तुमचा वेग ताशी २० किलोमीटर आणि हिसकवणाऱ्या मोटारसायकलचा ५० धरला, तर तो तुमच्याजवळ सेकंदाला आठ मीटरांहून जास्त वेगानं येतो. साडेसहा मीटर तो पाऊण सेकंदात संपवतो. काहीतरी होतंय हे तुम्हाला कळतं तेव्हा ते होऊन गेलेलं असतं.

बंदुकीला अंतर लागतं आणि वेळ लागतो. सायकलवर नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. पिस्तूल नको म्हणण्याचं माझं मूळ कारण हे आहे. कायदा नंतर येतो.

त्यातून सायकलस्वार पडतो. नवशिका पडतो, मुरलेलाही पडतो. कमरेवर किंवा पाठीच्या कण्यापाशी अर्धा किलो लोखंड घेऊन डांबरावर आपटणं म्हणजे काय, हे हाडांच्या डॉक्टरांना विचारा. बेशुद्ध पडलात तर ते शस्त्र कुणाच्या हाती लागेल, हा प्रश्न वेगळाच.

"नुसतं दाखवलं तरी पळेल की!"

हा सगळ्यात जास्त येणारा मुद्दा. काही चोर पळतील, हे खरं. पण दाखवलेलं पिस्तूल पाहून न पळणारा माणूस निघाला, तर पुढची पायरी झाडण्याची असते, आणि ती चढायची तुमची तयारी नसेल तर तुम्ही त्याला एक पिस्तूल भेट देता. दोघं तुम्हाला खाली पाडून अंगावर बसले असताना त्यांना मोबाइलपेक्षा सव्वा लाखाची वस्तू मिळाली, एवढाच फरक. सार्वजनिक जागी शस्त्र परजणं नियमानं बंद आहे, ते वेगळंच.

"गुंडांकडं कट्टे आहेत, त्यांना कुठं परवाना लागतो?"

लागतो, ते घेत नाहीत. गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसं जप्त केल्याच्या स्थानिक गुन्हे शाखेच्या बातम्या आपण वाचतोच. विनापरवाना शस्त्र नुसतं जवळ सापडलं तरी आता किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. प्रतिबंधित प्रकारचं असेल तर सात ते चौदा वर्षं. पण आक्षेपामागचा राग मला कळतो: कायदा पाळणारा निःशस्त्र आणि मोडणारा सशस्त्र. यावर माझं म्हणणं एवढंच की समोरच्याकडं कट्टा असेल तर वरचं दीड सेकंदाचं गणित तुमच्याविरुद्ध आणखी झुकतं. त्याचं शस्त्र आधीच हातात असतं, कारण हल्ला कधी करायचा हे त्यानं ठरवलेलं असतं.

"अमेरिकेत चालतं ना?"

चालतं. निम्म्याहून जास्त राज्यांत तर पिस्तूल जवळ बाळगायला वेगळा परवानाही लागत नाही. तिथल्या सायकलस्वाराचा युक्तिवाद त्याच्या जागी समजण्यासारखा आहे: अडवणाऱ्याकडं बंदूक असणार, तर माझ्याकडंही हवी. त्या समाजानं त्याची किंमतही मोजली आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली, आणि त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. बचावासाठी घेतलेली बंदूक दिवसाचे चोवीस तास घरात असते, आणि घरात वाईट दिवस सगळ्यांवर येतात. या आकड्याकडं आपल्या चर्चेत कुणी वळूनही बघत नाही.

"फौजी माणसाला तर चालवता येतं ना?"

सातारा जिल्ह्यात हा प्रश्न निघणारच. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आपल्याकडं आहेत, १९६१ पासून सैनिक स्कूल आहे, गल्लीत दोन-चार निवृत्त सुभेदार, हवालदार असतातच. त्यांतले काही बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन उभे असतात. अशाच एका निवृत्त सुभेदारांना मी विचारलं, "काका, परवाना आहे तुमच्याकडं. सकाळी सायकलवर नेता का?" ते म्हणाले, "अरे बाबा, हत्यार सांभाळणं ही ड्युटी असती. फिरायला जाताना ड्युटी कोण घेतं?"

त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट आली जी नागरिकांच्या चर्चेत येत नाही. सैनिक एकटा नसतो, शस्त्राची रोज मोजदाद होते, सराव सुटत नाही आणि कधी झाडायचं याचा हुकूम वरून येतो. निवृत्तीनंतर यातलं शस्त्र तेवढं परवान्यावर मिळतं, बाकीचं मिळत नाही.

"मग बायकांनी काय करायचं?"

हा आक्षेप मी सगळ्यात गंभीर मानतो, कारण "पिस्तूल नको" म्हणणाऱ्या पुरुषाला फुकटचा शहाणपणा सांगायला काय जातं? बलात्काराच्या, अपहरणाच्या किंवा अॅसिडच्या हल्ल्यात कायद्यानं स्त्रीला शेवटपर्यंत लढण्याचा हक्क दिलाय, हे आधी पक्कं डोक्यात असावं. हातात जे असेल त्यानं.

पेपर स्प्रेला शस्त्र परवाना लागत नाही. तो जवळून चालतो, एका हातानं चालतो, आणि चुकून वाऱ्यानं उलटला तरी माणूस मरत नाही. पण चालत्या सायकलवरून समोर फवारलात तर तो तुमच्याच तोंडावर येणार. थांबून, वारा पाठीशी घेऊन वापरायचा. तोही बचावापुरताच. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं एका वादात, जिवाला धोका नसताना फवारलेला पेपर स्प्रे घातक हत्यार ठरू शकतो, अशा आशयाचं मत दिलं आहे. एअरगनचं खूळ काहींच्या डोक्यात असतं; .१७७ मापापर्यंतच्या आणि कमी ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही खरा, पण ती हल्लेखोराला थांबवत नाही, चिडवते. वर ती लांबून खऱ्या बंदुकीसारखी दिसते.

११२ हा एकच क्रमांक पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सगळ्यांना चालतो. छेडछाडीसाठी निर्भया पथक आहे. रोज तोच माणूस त्याच वळणावर दिसत असेल तर पहिल्याच आठवड्यात सांगावं; पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे, हात लागेपर्यंत थांबायची गरज नाही.

कुत्री आणि बिबट्या

साताऱ्यातल्या कुठल्याही सायकलस्वाराला खरा त्रास विचारा, माणसाआधी कुत्र्याचं नाव येईल. कुत्र्याला ठार किंवा जायबंदी करणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पळत्या कुत्र्यावर चालत्या सायकलवरून नेम लागणं तर अशक्यच. लागला तर शेजारच्या माणसाला लागेल.

कुत्र्याला पळणारं चाक दिसतं. थांबलात, उतरलात आणि सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरलीत की बहुतेक कुत्र्यांचा जोर ओसरतो. बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं तरी पुरतं. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करायची, सगळे डोस पूर्ण करायचे. निर्बीजीकरण आणि लसीकरण ही २०२३ च्या नियमांप्रमाणं नगरपालिकेची जबाबदारी आहे, तक्रार तिकडं.

यवतेश्वर-कास भागात बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात, जीव वाचवताना सद्हेतूनं प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही, अशी तरतूद आहे. पण बिबट्या ज्या वेगानं आणि ज्या बाजूनं येतो त्यापुढं पिस्तुलाचं काय होणार, हे वरच्या गणितावरून कळेल. उजाडल्यावर निघावं, जोडीनं जावं, घाटात कानात गाणी घालू नयेत.

जो धोका खरोखर मारतो

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यांत साधारण ४,८०० सायकलस्वार होते. त्यांना वाहनांनी मारलं.

आपल्याकडं त्या वाहनाचा एक खास हंगामी अवतार आहे. कारखाने सुरू झाले की शेंद्र्याकडं, कोरेगाव-रहिमतपूरकडं ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस निघतो. वर टेपवर गाणी जोरात, मागं दिवा नाही, परावर्तक असला तर चिखलानं माखलेला. बाहेर आलेली उसाची टोकं सायकलस्वाराच्या बरोबर खांद्याच्या उंचीला. ट्रॉली बिघडली की चाकांना दगड लावून रस्त्यातच उभी, आणि दुरुस्त झाली की दगड तिथंच सोडून पुढं. त्या दगडावर अंधारात पुढचं चाक चढलं की काय होतं, ते लिहायची गरज नाही. यातल्या कशावर गोळी झाडणार?

सायकलला मागं लुकलुकणारा लाल दिवा आणि पुढं पांढरा, अंगावर चकाकणारं जाकीट, हँडलला आरसा. मागून येणारा आधी दिसला तर ट्रॉलीपासून आणि हिसकवणाऱ्यापासून, दोघांपासूनही बाजूला व्हायला अवधी मिळतो. हँडलवर छोटा कॅमेरा असेल तर नंबर मिळतो. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही, तरी २०२२ च्या केंद्रीय योजनेनुसार मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार भरपाई आहे. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा. ही योजना गावात फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि मोळी पडायच्या आत, म्हणजे ऊस गाळप सुरू व्हायच्या आधी, साखर कारखान्याच्या शेती विभागाला भेटता येतं. ट्रेलरच्या मागं लाल परावर्तक लागतात हे मोटार वाहन नियमांतच आहे, त्यासाठी कुणाची मेहरबानी लागत नाही. ऐकलं नाही तर तोच अर्ज आरटीओला द्यायचा. त्यात "ट्रॉल्यांचा त्रास होतो" एवढंच लिहून भागत नाही. रस्ता, वेळ, ट्रॅक्टरचा नंबर आणि फोटो जोडला, तर ती ट्रॉली कोणत्या वाहतूकदाराची हे कारखान्याला त्याच दिवशी काढता येतं.